राखीव टेबलावरचे रुमाल

आमच्या कोल्हापुरात गप्प बसणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. इथे आजारी माणूससुद्धा मोठ्याने आजारी असतो. मी मात्र जन्मापासून गप्प. वर्गात तासभर बोलतो, ते पोटासाठी. एरवी कुणी माझ्या पायावर पाय दिला तर मीच "सॉरी" म्हणतो. शेजारच्यांचा भात करपला तरी आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं मला वाटतं. बायको म्हणते, "तुम्हाला पोलिसांनी नुसतं नाव विचारलं तरी तुम्ही गुन्हा कबूल कराल." यात थोडी दुरुस्ती करायला हवी. न केलेले गुन्हे मी लगेच कबूल करतो. केलेला एकच होता, आणि त्याबद्दल मी दिवाळीनंतरचं जवळजवळ अर्धं सत्र तोंडातून ब्र काढला नाही.

मी विद्यापीठात ग्रामीण समाजाचा पेपर शिकवतो. आमच्याकडे रीत अशी, की सत्र सुरू होताना शिक्षकाने पेपरला लागणारी पुस्तकं ग्रंथालयात शोधून काढायची आणि 'राखीव' म्हणून बाजूला ठेवायला द्यायची. कारण सरळ आहे. पुस्तकाची प्रत एक आणि वर्गात पोरं चाळीस. एकाने घरी नेलं, की ते पुस्तक त्याच्या लग्नानंतरच परत येणार. म्हणून राखीव पुस्तक घरी न्यायचं नाही. काउंटरवर ओळखपत्र ठेवायचं, पुस्तक घ्यायचं, कपाटाशेजारच्या लांब टेबलावर बसून वाचायचं आणि परत द्यायचं. त्या टेबलाला आठ खुर्च्या आहेत.

हे काम मी पोरीच्या लग्नासारखं करतो. पुस्तकं निवडायची, सुटलेल्या पानांना खळ लावायची, जे पुस्तक मिळतच नाही त्यातल्या एखाद्या प्रकरणाची झेरॉक्स काढून फायलीत लावायची. मग सगळा गठ्ठा छातीशी धरून काउंटरवर जायचं. काउंटरवर ज्या बाई बसतात त्यांच्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी आहे, आणि ती त्यांनाच उद्देशून लावली आहे अशी सर्वांची समजूत आहे.

"आणली व्हय सर?" हॉलच्या दुसऱ्या टोकाचं पोरगं दचकेल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "ठेवा. गेल्या खेपेची अजून उठली न्हाईत. त्यांच्याच कुशीत ह्यांना झोपवते."

झोपवण्याचं दुःख मला सवयीचं होतं. पण या खेपेला ग्रंथपालांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला. आमचे ग्रंथपाल सज्जन आहेत, आणि सज्जन माणूस चहा देऊन बोलायला लागला की काहीतरी जाणार हे ओळखावं.

"सर, रिकामी खुर्ची मला बघवत न्हाय," ते म्हणाले. "बाहेर पायरीवर बघा, पोरं बसल्यात. स्पर्धा परीक्षेची. गावाकडनं येत्यात, खोलीत सहा-सहा जण राहत्यात, वाचायला जागा न्हाय. आणि हितं तुमच्या आठ खुर्च्या हवा खात्यात. महाशिवरात्रीपतोर बघूया. टेबल असंच मोकळं राहिलं तर त्या पोरास्नी देऊन टाकू. कपाट जाईल खाली गोदामात."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हीच माझी अडचण. मला पायरीवरच्या पोरांची कीव आली आणि गोदामाचं नाव ऐकून कपाटाचीही. त्या गोदामात मोडक्या खुर्च्या जातात, जुन्या उत्तरपत्रिका जातात. वर काही आलेलं कुणी पाहिलेलं नाही. राखीव कपाट तिथे गेलं की माझा पेपर गाइडवर चालणार, हे लख्ख दिसत होतं.

वर्गात जाऊन मी शक्य तितक्या कडकपणे सांगितलं, "पुस्तकं राखीवमध्ये ठेवलीयत. जाऊन वाचा."

"सर, पीडीएफ न्हाय व्हय?" मागच्या बाकावरून आवाज आला.

"नाही."

"मग कोणतरी करंलच की," दुसऱ्याने धीर दिला. मला नव्हे, पहिल्याला.

त्याच आठवड्यात एका नातेवाइकाला सोडायला मी स्टँडवर गेलो होतो. एसटी फलाटाला लागायच्या आत एका माणसाने धावत येऊन खिडकीतून आत रुमाल टाकला आणि तो निवांत दाराकडे गेला. त्याच्या आधी दारातून दाराएवढेच रुंद एक गृहस्थ चढले. त्यांनी सीटकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं, मग सगळ्या गाडीला विचारलं, "कुणाचा हाय रं ह्यो?" रुमालाचा मालक अजून दारातल्या रेट्यातच होता. गृहस्थ पुटपुटले, दांडी धरली आणि उभे राहिले. आमची माणसं बांधावरून भांडतील, निवडणुकीवरून भांडतील, तांबडा रस्सा चांगला की पांढरा यावरून जेवण अर्धं टाकून उठतील. पण वीतभर कापड सीटवर पडलेलं असलं तर ते उचलायची कुणाची छाती होत नाही.

मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात विचार पक्का झाला होता. याला विचार म्हणायचं का, हा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडलं. काउंटरवरच्या बाई देवीच्या फोटोला उदबत्ती लावत पाठमोऱ्या होत्या. मी राखीव टेबलाच्या दोन खुर्च्यांवर दोन रुमाल टाकले आणि चोरासारखा विभागात जाऊन बसलो. अकराला सहज फिरत आल्यासारखा आलो. हॉल गच्च भरला होता. स्पर्धा परीक्षेची पोरं खिडकीच्या कट्ट्यावरही बसली होती. माझ्या दोन खुर्च्यांना कुणी शिवलं नव्हतं. उलट एक नवखं पोरगं बसायला गेलं, तर कट्ट्यावरच्या पोरांतला एक दाढीवाला त्याच्यावर डाफरला, "ए भावा, दिसत न्हाय व्हय? रुमाल हाय."

मला इतकं बरं वाटलं, की ते बरं वाटल्याबद्दलही नंतर अपराधी वाटलं.

दोनाचे चार झाले. पण आठ खुर्च्यांना पुरतील इतके रुमाल माझ्याकडे नव्हते. मंगळवार पेठेतल्या एका दुकानात गेलो आणि डझन मागितले.

"डझन?" दुकानदाराने वर बघितलं. "पावणं, घरात लगीन हाय?"

"नाही."

"मग बारसं?"

"नाही."

त्याने आवाज खाली आणला. "मयत झालंय काय कोण?"

"नाही हो. ग्रंथालयासाठी पाहिजेत."

त्याने डझन मोजून काढला. मग पोक्त माणसाने वेड्याची समजूत घालावी तसं म्हणाला, "असूंदे, असूंदे. बांधून देतो." पांढरे रुमाल, निळी किनार. सगळे एकसारखे. हे एकसारखेपण मला पुढे नडणार होतं, पण तेव्हा मी डझनाच्या आनंदात होतो.

घरी बायको रुमाल धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवायची, सकाळी मी आठ उचलायचो आणि संध्याकाळी हॉल रिकामा झाला की आठ परत आणायचो. ती पाचसहा दिवस गप्प राहिली. आमच्या घरात एवढा काळ म्हणजे विक्रमच.

"अहो, रोज आठ रुमाल नेताय. तिथं रडता काय तुम्ही?"

"सर्दी आहे थोडी."

"सर्दी हाय तर परत आणलेलं रुमाल कोरडं कसं? घडी सुदिक मोडलेली नसती." तिने एक रुमाल वर धरून उजेडात बघितला. "सर्दी घडीत ठेवता व्हय?"

मी वर्तमानपत्र उघडलं. आमच्या लग्नात वर्तमानपत्राचा उपयोग मुख्यतः भिंतीसारखा झाला आहे.

तिकडे ग्रंथपाल मात्र खुलले होते. येता-जाता त्यांना राखीव टेबल भरलेलं दिसत होतं. माणसं दिसत नव्हती. पण आमच्याकडे रुमाल म्हणजे माणूसच, तो फक्त चहाला गेलेला असतो. एका बैठकीत त्यांनी इतर विभागांच्या शिक्षकांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं, "सरांकडनं शिका. बोलत न्हाईत, पण पोरास्नी वाचायला बसवलंय." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी खाली मान घातली, तर तोही विनय समजला गेला.

असं चाललं असताना एका दुपारी मी पुस्तकांच्या रॅकमध्ये काही शोधायला गेलो. शेवटच्या दोन रॅकांमधल्या बोळात एक मुलगी उभी होती. पाठ रॅकला टेकलेली, एक पाय दुमडून वर घेतलेला, दप्तर पायाशी आणि हातात माझ्या राखीव कपाटातलं पुस्तक. माझ्याच वर्गातली. इचलकरंजीजवळच्या कबनूरहून येते, मागे बसते, माझ्यासारखीच गप्प. पुस्तक अर्ध्याच्या पुढे वाचून झालं होतं.

मी ठेवलेलं पुस्तक खरोखर वाचणारी माझ्या नोकरीतली पहिली विद्यार्थिनी मी त्या क्षणी प्रत्यक्ष बघत होतो. मला तिच्या डोक्यावर अक्षता टाकाव्याशा वाटल्या.

"अगं, उभी का? बाहेर टेबल आहे की आपलं."

"जागा नसती सर."

"नसते म्हणजे?"

"रोज रुमाल असत्यात." तिने पाय बदलला. "आठच्या आठ खुर्च्यांवर. काउंटरवरच्या ताईंनी मला हितं आत उभं राहून वाच म्हणून सांगितलंय."

मी विचारलं, "मग ते रुमालवाले येतात का?"

"मी तर अजून एकालाबी बघितलं न्हाय. पण रुमाल हाय म्हटल्यावर कसं बसायचं?" मग बांध फुटावा तशी ती बोलायला लागली, "घरात आमच्या कापडाचं माग हायत. सकाळपासनं खडखड. वाचायला बसलं तर वाचलेलं माझं मलाच ऐकू येत न्हाय. म्हणून हितं येते. येताना एसटीत उभी, हितं उभी, जाताना उभी. पाय राहत न्हाईत सर. शिवरात्रीनंतर सेमिनार हाय तुमचा, त्याला हे पुस्तक लागतंयच. पण आता बास. उद्यापासनं न्हाय येत. गाइडवर भागवते."

इथे मी बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायला हवं होतं, की बाळा, ते रुमाल माझे आहेत, चल, बस. त्याऐवजी मी काय म्हणालो, तर "उद्या एक दिवस ये. बघू काहीतरी." आणि तिथून सटकलो. जाताना रॅकवर आपटलो आणि रॅकला "सॉरी" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी आठाऐवजी सातच रुमाल टाकले. एक खुर्ची तिच्यासाठी मोकळी. मी काउंटरपर्यंत पोहोचून वळून बघितलं, तर त्या खुर्चीवर दाढीवाला चालू घडामोडींचं जाडं पुस्तक उघडून बसला होता. इतक्या दिवसांत त्या टेबलाला मोकळी खुर्ची दिसली, आणि गिधाडालाही लाजवेल अशा वेगाने तो उतरला होता. त्याचंही बरोबर होतं. तो पायरीवरून आला होता.

कबनूरची गाडी पोहोचायला साडेदहा वाजतात. तोवर मी त्या खुर्चीवर परत रुमाल टाकू शकत नव्हतो, कारण आता तिथे माणूस होता. आणि बाकीचे सात उचलू शकत नव्हतो, कारण उचलताना कुणीतरी बघितलं असतं. माझ्या सात घड्या मला दुरून बघत होत्या आणि मी त्यांना.

तेवढ्यात ग्रंथपाल आले. एकटे नव्हे. बैठकीतले तीन-चार शिक्षक त्यांच्या मागे, एखाद्या आदर्श गावाची पाहणी करायला निघाल्यासारखे.

"हे बघा," ग्रंथपाल म्हणाले. "राखीव टेबल. भरलेलं."

सगळ्यांनी टेबलाकडे बघितलं. सात रुमाल आणि एक दाढीवाला.

"वाचक कुठायत?" एका शिक्षकाने विचारलं.

"चहाला गेलं असतील."

"सगळे एकदम?"

"दोस्त-दोस्त असतील," ग्रंथपाल म्हणाले, पण त्यांचा आवाज जरा पातळ झाला होता. "थांबूया की. येतीलच."

आम्ही थांबलो. कोल्हापुरात लोक उभे राहून काहीतरी बघत असले की त्यात आणखी लोक येऊन उभे राहतात. खिडकीच्या कट्ट्यावरची पोरं उतरली. पायरीवरची आत आली. तेवढ्यात ती मुलगीही दप्तर सावरत आली, तिने टेबलाकडे बघितलं, नेहमीप्रमाणे रुमाल दिसले आणि ती निमूटपणे रॅकच्या बोळाकडे वळली.

तेव्हा दाढीवाला बोलला. तो खुर्चीवर मागे रेलला होता. "सर, खरं सांगू काय? मी रोज बघतोय. ह्यांचं मालक कधीच येत न्हाईत. आणि सगळ्यांची किनार बघा की. निळी. एकाच डझनातलं हायत."

"आणि इस्त्रीचं," कट्ट्यावरच्या एकाने भर घातली. "आमच्यातल्या कुणाचा रुमाल इस्त्रीचा बघितलाय व्हय?"

"मग उचला की," एक शिक्षक म्हणाले.

कुणीही पुढे झालं नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "दुसऱ्याच्या रुमालाला हात कसा लावायचा?" दाढीवाला पुटपुटला. "मालकानंच उचलाय पाहिजे."

मुलगी बोळाच्या तोंडाशी थांबली होती. पाठ वळलेली. आणखी चार पावलांवर ती रॅकमागे जाणार, उभी राहणार, आणि उद्यापासून येणार नाही, हे मला माहीत होतं. बाकी कुणालाच माहीत नव्हतं.

मी पुढे झालो. पहिला रुमाल उचलला, खिशात घातला. दुसरा उचलला. हॉलमध्ये इतकी शांतता मी नोकरीभरात ऐकली नव्हती. पाटीचं सार्थक झालं. चौथ्यापर्यंत पँटचे दोन्ही खिसे फुगले. उरलेले हातातच घेतले. सातव्याला हात लावताना ग्रंथपालांचा आवाज आला. "सर... सगळं तुमचंच?"

"सर्दी" हा शब्द माझ्या जिभेपर्यंत आला होता. मी तो गिळला.

"माझेच," मी म्हणालो. "मीच टाकत होतो. रोज. टेबल जाऊ नये म्हणून."

"म्हणजे वाचक..."

"वाचक एकच आहे." मी मुलीकडे बघितलं. "आणि तिला मी एवढे दिवस उभं केलं."

आयुष्यात एवढं सलग आणि मोठ्याने मी वर्गाबाहेर कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर काय करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी खुर्ची मागे ओढली आणि तिला म्हणालो, "ये. बस."

ती आली. सगळ्या हॉलच्या नजरा अंगावर घेऊन आली आणि बसली. दप्तर मांडीवर घेतलं. काउंटरवरच्या बाईंनी तिचं पुस्तक आणून तिच्यासमोर आदळलं आणि मग त्यांना राहवलं नाही.

"अगं बाई! आणि मला वाटतंय, सर रुमाल वाळत घालत्यात!"

"वाळत?" ग्रंथपाल म्हणाले.

"तर काय! सर बावड्यात राहत्यात. तिथल्या साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यापासनं दोरीवरच्या कपड्यावर काजळी पडती न्हवं? म्हटलं, घरात वाळत न्हाईत म्हणून हितं आणून घालत्यात. आपण कशाला बोला? साधा माणूस."

हसण्याची सुरुवात कट्ट्यावर झाली. मग दाढीवाला हसला, मग पाहणीला आलेले शिक्षक. आणि मग, मला हे कधी विसरता येणार नाही, दप्तरामागे तोंड लपवून ती मुलगी हसली. हॉल असा हसत असताना मी मधोमध उभा होतो, रुमालांनी खिसे फुगलेले, आणि मला आश्चर्य एवढंच वाटलं, की मेलो नाही.

ग्रंथपाल हसले नाहीत. "सर, मला वाटलं माझं ग्रंथालय सुधारलं," ते म्हणाले. त्या एका वाक्याचं मला अजून वाईट वाटतं. बाकी सगळ्याची सवय झाली.

त्यांनी त्याच दुपारी टेबल स्पर्धा परीक्षेच्या पोरांना देऊन टाकलं. शिवरात्रीची वाट बघितली नाही. पायरीवरचे सहा जण आत आले. "आणि कपाट?" मी विचारलं. त्यांनी त्या मुलीकडे बघितलं. तिने पान उलटलं. "वाचणारं एक माणूस असंस्तोर कपाट गोदामात न्यायला मला न्हाय जमायचं," ते म्हणाले आणि केबिनमध्ये गेले. त्या दिवशी चहा आला नाही.

खुर्ची तिची राहिली. हे कुणी ठरवलं नाही. सकाळी दाढीवाला आपल्या शेजारच्या खुर्चीवर स्वतःचा रुमाल टाकतो; चुरगळलेला आणि रंग सांगता येणार नाही असा. कुणी बसायला लागलं की म्हणतो, "कबनूर यायचंय अजून." मला बघितलं की टेबलावरून एक तरी आवाज येतोच. "सर, आमच्यासाठी स्टँडवर बी टाका की एक!" मी हसतो. पूर्वी मी मान खाली घातली असती.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला वाटलं बाई हाय कोण." तिच्या आवाजात सुटका होती की थोडी निराशा, हे मला कळलं नाही.

सेमिनारच्या आदल्या दिवशी ती मुलगी विभागात आली. दारातच थांबली. मला वाटलं, पुस्तकातली काही शंका असेल. मी चष्मा चढवला.

"सर, रुमाल हायत अजून?"

"आहेत," मी चाचरत म्हणालो. "का?"

"एक द्या की. संध्याकाळी इचलकरंजीच्या गाडीत टाकते. बसायला मिळालं तर शेवटचं प्रकरण गाडीत वाचून होईल."

"पण राखीव पुस्तक बाहेर न्यायचं नसतं," माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

तिने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खिशाकडे बघितलं. बोलली काहीच नाही. गप्प माणसांची हीच तर खुबी असते.

मी ड्रॉवर उघडला. वरची घडी काढून तिच्या हातात दिली, निळ्या किनारीची, इस्त्रीची. मग उठलो आणि तिच्याबरोबर काउंटरवर गेलो, ते पुस्तक एका रात्रीसाठी माझ्या नावावर घ्यायला.

"सर नेणार?" बाई सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडल्या.

"नाही," मीही तेवढ्याच मोठ्याने म्हणालो. "ही नेणार हाय. गाडीत बसून."